अर्थिंगचा खड्डा

१

सोमवारी दुपारी साडेबाराला फोन वाजला, तेव्हा दिपेश घराचं कुलूप तिसऱ्यांदा ओढून बघत होता. त्याची ही सवय साऱ्या मुरूडला ठाऊक होती. गॅसची चावी तीनदा, मोटरसायकलचं हँडल तीनदा, आणि कुणाकडे वायरिंगचं काम केलं की हत्यारं पिशवीत भरून दारापर्यंत जायचं आणि शेवटचा नट बघायला पुन्हा मागे यायचं. गिऱ्हाइकं हसायची, पण पुढचं कामही त्यालाच द्यायची.

फोनवर श्रीवर्धनचा सलिल होता.

"आई सकाळी गाडीच्या दाराला हात लावून फेकली गेली," तो म्हणाला. "डोकं फुटलंय, शुद्ध नाही. माणगावच्या दवाखान्यात आणलंय. काय करून ठेवलंस तू माझ्या घरात?"

दिपेशच्या हातातली चावी कुलपातच राहिली. सलिलकडचं काम त्याने शुक्रवारी संध्याकाळी तर संपवलं होतं. नव्या इलेक्ट्रिक गाडीसाठी भिंतीवरचा चार्जर, मेन बोर्डापासून चाळीस फूट केबल आणि अंगणाच्या कडेला अर्थिंगचा नवा खड्डा. कुठे वीज गळलीच तर ती माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत मुरावी, यासाठी तो खड्डा. सलिलच्या आईला, कुमुदकाकूंना, शॉक बसला याचा अर्थ खड्ड्याने आपलं काम केलं नव्हतं.

आणि खड्ड्यातल्या सळईला तार घट्ट धरणारा तो नट त्याने तीनदा आवळला होता. की दोनदाच? तिसऱ्यांदा मागे वळला, तेव्हा काकूंनी चहाला हाक मारली होती. चहा आठवत होता, त्यातलं आलंही आठवत होतं. नट आठवत नव्हता.

"बुधवारी अकराला विद्युत निरीक्षक येतायत," सलिल म्हणाला. "तुझा परवाना रद्द झाल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. आणि आईला काही झालं ना..." पुढचं त्याला बोलवेना. फोन बंद झाला.

वायरमनचा तो परवाना पेणकडच्या खारेपाटात, दिपेशच्या वडिलांच्या घरी, देवांच्या तसबिरींशेजारी टांगलेला होता. बुधाजींनी जन्मभर मिठागरात फावडं ओढलं. पोराच्या नावाचा सरकारी शिक्क्याचा कागद त्यांच्या घरात आला तो पहिलाच. त्याला ते रोज उदबत्ती ओवाळत. दिपेशला त्याची लाज वाटायची. आज मात्र ती उदबत्ती त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

२

मंगळवारी सकाळी आगरदांड्याच्या जेट्टीवर विनिता मॅडम त्याच्याआधी येऊन उभ्या होत्या. आयटीआयमध्ये अठ्ठावीस वर्षं वीजतंत्री शिकवून निवृत्त झालेल्या बाई. दिपेशलाही त्यांनीच शिकवलं होतं, आणि काल रात्री त्याने फोन केला तो त्यांनाच. बारीक कापलेले केस, खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत जमिनीची अर्थिंग मोजायचं यंत्र. धीर देणं त्यांना जमत नसे. वर्गात कुणाला शॉक बसला तरी त्या आधी विचारत, "कुठल्या हाताला?"

"घाबरलायस ते दिसतंय," फेरीबोट सुटल्यावर त्या म्हणाल्या. "घाबरून झालं की सांग. पहिल्यापासून."

पहिल्यापासून म्हणजे चार्जर निवडण्यापासून. सलिल नोकरीला खारघरला. शनिवार-रविवार श्रीवर्धनला आईवडिलांकडे यायचं आणि सोमवारी सकाळी परत निघायचं, असा त्याचा नेम. म्हणून गाडी एका रात्रीत भरायला हवी. घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर रात्र पुरत नव्हती. गावातला जीवन इलेक्ट्रिशियन म्हणत होता, प्लगच लावा, अर्ध्या दिवसात ठोकून देतो. भाऊंना, म्हणजे सलिलच्या वडिलांना, तेच पटलं होतं. दिपेशने मात्र सात किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर सुचवला. त्यासाठी घराचा मंजूर लोड वाढवून घेतला, वेगळी केबल टाकली, आणि समुद्राचा वारा थेट लागणार नाही अशी पूर्वेची भिंत निवडली. ह्या चार्जरवर एक दिवा असतो. सगळं ठीक असलं की हिरवा, आणि अर्थिंग बिघडली की लाल. लाल असला की तो गाडी चार्जच करत नाही.

"शुक्रवारी?"

"हिरवा होता, मॅडम. अर्थिंगचं रीडिंग दोन पूर्णांक आठ ओहम. मी डायरीत लिहिलंय."

"खड्ड्यात काय भरलंस?"

"कोळसा आणि मीठ, थर देऊन. मीठ आमच्या मिठागरातलंच, बाबांनी दोन गोणी पाठवल्या होत्या." मिठाचं नाव निघालं की त्याचा आवाज थोडा चढत असे. "मीठ ओल धरून ठेवतं. असं मीठ दुकानात मिळत नाही."

"घरच्यांना सांगितलंस, काय भरतोयस ते?"

दिपेशने पाण्याकडे पाहिलं. "भाऊंनी विचारलं गोणीत काय आहे. कोळसा आहे म्हणालो."

"आणि मीठ?"

"त्यांनी पुढे विचारलं नाही."

मॅडमनी वहीत काहीतरी टिपलं. तेवढ्यात बुधाजींचा फोन आला. इंजिनाच्या आवाजात त्यांना ओरडून बोलावं लागत होतं. "मीठ कमी पडलं का रं? आनखी दोन गोन्या पाठवू?" दिपेश "नको बाबा" म्हणाला आणि दिघीचा धक्का येईपर्यंत फोन हातातच धरून उभा राहिला.

३

घर वाडीच्या तोंडाशीच होतं. स्लॅबचं, बैठं, बाजूला गाडीसाठी पत्र्याची शेड. शेडीलगत अर्थिंगचा खड्डा, आणि खड्ड्यापासून चार हातांवर तीन तरण्या पोफळी. मागे सगळी सुपारीची वाडी, थेट खाडीच्या फाट्यापर्यंत.

भाऊ ओटीवर बसले होते. चौऱ्याहत्तरीचा माणूस, दोन दिवसांत ऐंशीचा दिसायला लागला होता. दोन्ही तळव्यांना जुन्या धोतराच्या चिंध्या गुंडाळलेल्या.

"हाताला काय झालं, भाऊ?" मॅडमनी विचारलं.

"झावळ्या ओढताना सोललं. भिकू गडी शुक्रवारपासून पुतणीच्या लग्नाला गेलाय. मलाच बघावं लागतं सगळं." त्यांनी दिपेशकडे पाहिलं नाही. दिपेशला वाटलं, बरोबरच आहे, माझं तोंड कशाला बघतील.

सलिल दवाखान्यातून नुकताच आला होता. काकू अजून शुद्धीवर नव्हत्या. त्याने मॅडमना हात जोडले, दिपेशला नाही.

"प्रत्येक गोष्ट तुमच्या समोर उघडीन," मॅडम त्याला म्हणाल्या. "मी ह्याची शिक्षिका आहे, वकील नाही. चूक ह्याची निघाली तर पहिली मीच लिहून देईन."

मेन स्विच बंद करून त्यांनी चार्जर उघडला. केबल नीट, स्क्रू घट्ट, कुठे जळल्याचा डाग नाही. मग गळती झाली की आपोआप पडणारा ब्रेकर. क्षणभर वीज चालू करून त्यांनी त्याचं चाचणीचं बटण दाबलं, तसा तो टक्‌ करून पडला.

"काल सकाळी हा पडला होता?"

"नाही," सलिल म्हणाला. "वरच होता. आईला बाजूला केल्यावर मी हाताने पाडला."

"चार्जरमधून किंवा गाडीतून वीज गळली असती, तर हा पडला असता. हा तर चांगला चालतोय." मॅडमनी वहीत लिहिलं. "म्हणजे वीज ह्या वाटेने आलीच नाही."

मग आली कुठून, हे कुणी विचारलं नाही. सगळे खड्ड्याकडे निघाले. दिपेश सगळ्यांत मागे होता. सिमेंटचं झाकण त्याने स्वतःच उचललं आणि नटाला पाना लावला.

नट हलला नाही. तीनदा आवळलेला नट जसा असावा तसाच होता. दिपेशला एकदम रडू आल्यासारखं झालं. काल रात्रभर तो ह्या एका नटासाठी जागा होता.

मॅडमनी यंत्राच्या दोन सळ्या जमिनीत ठोकल्या, तारा लावल्या आणि आकडा वाचला. मग पुन्हा वाचला.

"चौसष्ट," त्या म्हणाल्या. हा आकडा जितका कमी, तितकी अर्थिंग चांगली.

"दोन पूर्णांक आठ होतं, मॅडम."

त्या खाली वाकल्या आणि मूठभर माल उकरून त्यांनी तळव्यावर पसरला. कोरडी, भुरी, समुद्रावरची रेती होती. त्यांनी हातभर खोल उकरलं, तरी रेतीच. कोळशाचा खडा नाही आणि मिठाचा कणही नाही.

"वा," सलिल म्हणाला. त्याचा आवाज थंड होता, ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "कोळसा, मीठ सगळं कागदावर. खड्ड्यात फुकटची रेती. आणि वर डायरीत दोन पूर्णांक आठ."

दिपेश खड्ड्याकडे बघत राहिला. ह्या खड्ड्यात त्याने स्वतःच्या हातांनी वडिलांचं मीठ ओतलं होतं. ते कुठे गेलं हे त्याला सांगता येत नव्हतं, आणि सांगता येत नाही म्हटल्यावर तो चोरच ठरत होता.

४

"ह्याने खड्डा फसवून भरला असं धरून चालू," ओटीवर बसत मॅडम म्हणाल्या. दिपेशने चमकून पाहिलं, त्यांनी लक्ष दिलं नाही. "मग शुक्रवारी चार्जरचा दिवा लाल यायला हवा होता. सलिल, शुक्रवारी तुम्ही गाडी लावलीत?"

"लावली. हिरवा होता. शनिवारी सकाळी पूर्ण भरली होती. मी गाडी घेऊन मुरूडला सासुरवाडीला गेलो, रविवारी संध्याकाळी आलो."

"आल्यावर?"

"पुन्हा लावली. तेव्हाही हिरवाच."

"आणि सोमवारी? काकू पडल्या त्याच्या आधीचं सांगा. अगदी बारीकसारीक."

सलिलने डोळे मिटले. "मी दाढी करत होतो. दिवा मंद झाला. बाहेरच्या खोलीतला पंखा रेंगाळल्यासारखा फिरायला लागला. आई अंगणात सडा घालून झाली होती. मला न्यायला नारळ काढले होते, ते गाडीत ठेवायला गेली. मग ती ओरडली."

"दिवा मंद झाला, की गेला?"

"मंद झाला. काय फरक पडतो? खांबावरून येणारी एक तार गंजून तुटली होती. नंतर लाइनमन येऊन जोडून गेला. इथल्या खाऱ्या हवेत हे होतच असतं."

मॅडम उठल्या. लाइनमनचा नंबर मागून त्यांनी फोन केला. तुटलेली तार न्यूट्रल होती एवढं विचारून घेतलं आणि परत येऊन बसल्या.

"फरक पडतो. वीज घरात एका तारेने येते आणि दुसरीने परत जाते. परतीची तार म्हणजे न्यूट्रल. ती तुटली तर घरातले दिवे मंद होत नाहीत, जातात. तुमचे मंद झाले. म्हणजे परतीची वाट तुटली तरी वीज परत जात होती, कुठल्या तरी वाईट वाटेने. ही वाट कुठे आहे ते बघू या."

त्यांनी पुन्हा मेन स्विच बंद केला आणि घराचा मुख्य बोर्ड उघडला. आत दोन पट्ट्या असतात, एक न्यूट्रलची आणि एक अर्थिंगची. त्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवायच्या, हे आयटीआयच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. इथे दोन्हींच्या मध्ये बोटभर लांबीचा तारेचा तुकडा होता.

"हा माझा नाही," दिपेश म्हणाला.

"माहीत आहे. तू टोकाला चिमटा लावल्याशिवाय तार बसवत नाहीस. ही नुसती पिळून खुपसलीय." मॅडम सलिलकडे वळल्या. "अर्थिंग बिघडली की चार्जर लाल दिवा दाखवतो. अर्थिंग दुरुस्त न करता दिवा हिरवा करायचा असेल, तर हा तुकडा टाकतात. चार्जर फसतो, त्याला सगळं ठीक वाटतं."

भाऊ आत पाणी आणायला गेले. हातांना चिंध्या बांधलेला माणूस तांब्या धरायला कशाला गेला, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही.

५

जीवनचं दुकान बाजारपेठेत, मिक्सर दुरुस्तीचं. दिपेश आत शिरला तो भांडायच्याच तयारीने. चार्जरचं काम हातचं गेल्यावर जीवन त्याच्याबद्दल गावभर काय बोलला होता ते त्याच्या कानावर आलं होतं. मॅडमनी त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि तो तुकडा टेबलावर ठेवला.

"तुमचा?"

जीवनने तुकडा पाहिला, मग बाहेर दिपेशकडे. "व्हय, माझा. चोरी न्हाय केली. रविवारी दुपारी बोलावनं आलं, लाल दिवा लागलाय, संध्याकाळच्या आत हिरवा करून दे. केला."

"त्याच्याने माणूस मरतो हे माहीत नव्हतं?"

"वाडीतली चार घरं अशीच चालतात, बाई. आजवर कुनाला काय झालं न्हाय." हे म्हणताना त्याचा आवाज खाली गेला. काकूंचं त्यालाही कळलं होतं.

"बोलावलं कुणी?"

"ते सांगनार न्हाय. शब्द दिलाय. मानूस मोठा हाय, माझ्यासमोर हात जोडले त्यानं." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "पन खड्ड्याला मी हात न्हाय लावला. आईशप्पथ. मी गेलो तेव्हाच दिवा लाल होता."

बाहेर आल्यावर दिपेशने विचारलं, "खोटं बोलतोय ना, मॅडम?"

"नाही. मला त्रास तोच आहे. ज्याने तुकडा टाकला तो खड्ड्याला शिवला नाही. खड्डा शनिवार-रविवारी, गाडी घरी नसताना, वेगळ्याच माणसाने रिकामा केला." त्या झपाझप चालू लागल्या. "चल. मीठ शोधायचंय."

"मीठ कुठे सापडणार, मॅडम? ते पाण्यात विरघळतं."

"मग कोळसा शोधू. तो तरंगतो."

६

वाडीतून चालताना मॅडमनी वाटेवरचं सगळं पाहिलं. खड्ड्याजवळच कचऱ्याचा ढीग होता, त्यात कोळसा नव्हता. पुढे रस्त्याकडेचा दगडांचा गडगा, तिथेही नव्हता. वाडी संपली. कुंपणाची बेडी, म्हणजे फाटक, उघडून ते खाडीच्या फाट्यावर उतरले. ओहोटी होती. भरतीचं पाणी जिथवर चढलं होतं तिथे चिखलावर काळ्या खड्यांची एक लांबलचक रेघ उमटलेली होती.

दिपेशने एक खडा उचलला. त्याचाच कोळसा होता. पेणहून आणलेला, त्याने स्वतः फोडलेला.

"आता विचार कर," मॅडम म्हणाल्या. "काम बिघडवायचंय, अशा माणसाने काय केलं असतं?"

"तार काढली असती. एका मिनिटाचं काम."

"कोळसा चोरायचा असता तर खाडीत टाकला नसता. ह्या माणसाने तार सोडली, नट सोडला, सळई सोडली. काढला फक्त आतला माल. आणि जवळचा उकिरडा सोडून, जवळचा गडगा सोडून, घमेल्याने वाहत एवढी वाडी ओलांडून कुंपणापलीकडे आणला. किती खेपा झाल्या असतील?"

"वीस तरी."

"वीस. कशासाठी? वाडीत एक कणही पडू नये म्हणून. दिपेश, तुझ्या घरी मीठ म्हणजे काय?"

"अन्न," तो म्हणाला.

"आणि ह्या घरी?"

दिपेशने मागे वळून पाहिलं. शेडीलगतच्या त्या तीन तरण्या पोफळी इथूनही दिसत होत्या. दोन हजार वीसच्या वादळात अर्धी वाडी आडवी झाली होती, हे भाऊंनी त्याला काम चालू असताना सांगितलं होतं. त्यानंतर लावलेल्या ह्या पोफळींना यंदा पहिली पोय, म्हणजे फुलोरा, फुटली होती. तो आपल्याच नटाच्या विचारात "हं" म्हणाला होता. त्याला सगळं समजलं आणि समजल्याचा आनंद मुळीच झाला नाही.

ओटीवर सलिल फोनवर बोलत होता. भाऊ खुर्चीत बसले होते. मॅडम त्यांच्यासमोर जमिनीवरच बसल्या.

"भाऊ, ह्याने तुम्हाला रोज खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला सांगितलं होतं. शनिवारी ओतलंत?"

भाऊंनी होकारार्थी मान हलवली.

"तेव्हा दिसलं?"

 सलिलने फोन खाली घेतला.

"कडेला पांढरं फुललं होतं," भाऊ म्हणाले. "जिभेवर ठेवलं. खारट. ह्याने कोळसा सांगितला होता. मला वाटलं, कायतरी फसवाफसवी आहे. चार हातांवर माझी झाडं. खारं पाणी विहिरीत आलं तर काय होतं ते मी लहानपणी पाहिलंय, शेजारची अख्खी वाडी गेली होती. भिकू नव्हता. मीच उपसलं सगळं. कुमुदला सांगितलं, उगाच सलिलला कळवू नकोस, ओरडेल. खड्डा समुद्राच्या पुळणीवरच्या रेतीने भरला. रविवारी बघतो तर दिवा लाल."

"मग जीवनला बोलावलंत."

"सलिल संध्याकाळी येणार होता. गाडी भरली नाही तर आम्हा बापलेकांचं भांडण, ह्या पोराचंही नाव खराब. मला वाटलं, हिरवा झाला की झालं." त्यांनी चिंध्या बांधलेले हात मांडीवर ठेवले. "मला काय कळतं, बाई, दिव्यातलं."

मॅडमनी सलिलला समजावून सांगितलं. आवाज न चढवता, वर्गात सांगतात तसं. परतीची तार तुटली आणि घरातली सगळी वीज त्या तुकड्यावरून अर्थिंगच्या तारेत शिरली. ती तार गाडीच्या पत्र्यापर्यंत गेलेली. खड्डा चांगला असता तर वीज जमिनीत मुरली असती. कोरड्या रेतीत ती मुरेना, पत्र्यात तुंबून राहिली. आणि काकू ओल्या अंगणात अनवाणी उभ्या. ब्रेकर फक्त चार्जरकडे जाणाऱ्या वाटेवरची गळती ओळखतो, ही वीज तर अर्थिंगच्या तारेने आली, म्हणून तो पडला नाही. नुसता तुकडा असता किंवा नुसती रेती असती, तर काकू आज इथे नारळ सोलत बसल्या असत्या.

"बाबा," सलिल म्हणाला, "दोन दिवस मी ह्याला शिव्या घालतोय. तुम्ही ऐकत बसला होतात."

"कसं सांगू?" भाऊ म्हणाले. "ह्याला सोडवायचं म्हणजे म्हणायचं, कुमुदला मी मारलं. तोंडातून निघेना रे."

सलिल उठून अंगणात गेला आणि गाडीकडे पाठ करून उभा राहिला. भाऊ रडत होते. दिपेशला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्याला आठवत होती ती गोणी, आणि स्वतःचंच तोंड, "कोळसा आहे, भाऊ," म्हणणारं.

७

बुधवारी अकराला विद्युत निरीक्षक आले. चष्मा नाकावर घसरलेला, बोलणं कमी. त्यांनी तुकडा पाहिला, रीडिंग घेतलं, खाडीवरही जाऊन आले. जीवन न बोलावता आला होता. त्याच्याकडे परवानाच नाही, हे त्याने विचारण्याआधी सांगून टाकलं. भाऊंनी सगळं पुन्हा एकदा सांगितलं, ह्या वेळी न अडखळता.

"म्हणजे वायरमनच्या कामात दोष नव्हता," निरीक्षक लिहिता लिहिता म्हणाले. "एकच राहिलं. खड्ड्यात मीठ भरणार याची मालकांना आधी कल्पना दिली होती का? इथे 'होय' की 'नाही' लिहू?"

दिपेश तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊ म्हणाले, "दिली होती. मीच विसरलो."

 मॅडम वहीत डोकं घालून बसल्या, त्यांनी मान वर केली नाही. दिपेशला देवांशेजारचा तो कागद दिसला, उदबत्ती दिसली. भाऊंनी वाट मोकळी करून दिली होती. त्याने नुसतं गप्प बसायचं होतं, शुक्रवारी बसला होता तसं.

"नाही दिली, साहेब," तो म्हणाला. "त्यांनी विचारलं होतं. मी कोळसा म्हणालो, मीठ बोललो नाही. वाडीवाल्यांना मीठ चालत नाही हे मला माहीत होतं. बिनमिठाचा माल मिळतो, झाडांना त्याचा त्रास नाही. पण घरचं मीठ होतं, तेच वापरायचं होतं मला. मी खरं बोललो असतो तर त्यांनी खड्डा उपसला नसता."

निरीक्षकांनी चष्मा वर सरकवला. "हे लिहिलं तर तुला लेखी ताकीद जाईल. परवान्यावर नोंद राहते."

"लिहा."

त्यांनी लिहिलं.

दुपारी सलिलचा फोन आला. काकूंनी डोळे उघडले होते. डॉक्टर म्हणाले, धोका टळला, पण उजवा हात किती परत येईल ते आत्ताच सांगता येत नाही. मग पलीकडून काकू बोलल्या; भाऊंनी फोन कानाला लावला, नुसतं "हो, हो" म्हणाले आणि खाली ठेवला.

"काय म्हणाल्या?" दिपेशने विचारलं.

"विचारत होती, झाडं वाचतील ना. मी मीठ उपसलं तेव्हा तीच घमेली भरून देत होती." त्यांनी हातांवरच्या चिंध्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मुळाशी राहिलंय ते धुऊन काढायला हवं. भरपूर पाणी घालायला हवं. पण हे हात."

दिपेशने विहिरीवरचा पंप लावला आणि पाइप पोफळींपर्यंत ओढला. पाणी मुळाशी सोडलं, भरू दिलं, मुरू दिलं, पुन्हा भरू दिलं. मॅडम ओटीवर बसून बघत होत्या. त्यांची फेरीबोट चुकत होती, पण त्या उठल्या नाहीत. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, "बाबांना सांगशील?"

"ताकिदीचं? सांगीन." तो थांबला. "मिठाचंही सांगीन."

दिघीच्या धक्क्यावर पोचल्यावर त्याच्या मनात आलं, पंप बंद केला की नाही. तीनदा बघायचा, तर आज एकदाही बघितलेलं आठवेना. तो मोटरसायकल वळवणार होता. मग त्याने फोन काढला आणि भाऊंना लावला.

"बंद आहे," भाऊ म्हणाले. "मी बघून आलो आत्ताच. तू जा."